दोन पावसाळे काढलेली चिप

त्रिवेणी कंधारकर चिमट्याने काचेची पातळ पट्टी द्रावणातून वर उचलत होती, तेवढ्यात स्नेहा बाहेरून क्लीन रूमच्या काचेवर टकटक करू लागली. तिच्या हातात छापलेले कागद होते. त्यातलं एक पान तिने काचेला टेकवून धरलं होतं आणि त्यावरच्या एका ओळीवर ती बोट आपटत होती.

त्रिवेणीला अक्षरं काही दिसली नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल आणि गॉगलच्या आत तिचा स्वतःचा चष्मा. एवढ्या सगळ्यातून तिला फक्त स्नेहाचा चेहरा दिसला, आणि तो नेहमीचा नव्हता. तिने मोकळ्या हाताने 'थांब' अशी खूण केली. पट्टी अर्धीच बाहेर आली होती. मध्येच हात थांबला असता तर सगळं वाया गेलं असतं. ती उचलत राहिली, सावकाश, श्वास रोखून. पट्टी ठेवून तिने मान वर केली तेव्हा काचेपलीकडे कोणी नव्हतं.

झगा, टोपी, हातमोजे उतरवून ती आपल्या खोलीत आली. स्नेहा टेबलासमोर उभी होती.

"काय झालं गं? एवढी परेशान का दिसायलीस?"

स्नेहाने कागद पुढे सरकवले. हॉलंडमधल्या एका गटाचा लेख होता, आदल्याच दिवशी प्रसिद्ध झालेला. त्रिवेणीने शीर्षक वाचलं, पहिला परिच्छेद वाचला, मग पानं उलटून थेट आकृतीवर आली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि खाली बसली. आकृती तिची नव्हती, पण तिने काढली असती तर अशीच काढली असती.

"आपलंच आहे ना हे?" स्नेहा म्हणाली.

"त्यांचं आहे," त्रिवेणी म्हणाली. "पण हौ, तेच आहे."

हैदराबादच्या पूर्वेकडच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत त्रिवेणीचा सगळा जन्म कार्बनच्या नळ्यांमागे गेला होता. नळी म्हणजे किती बारीक, तर केसाच्या जाडीचे पन्नास हजार भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. सिलिकॉनच्या चिप आता आणखी लहान करणं अवघड होत चाललं होतं. लहान कराव्यात तर त्या तापतात. या नळ्यांतून वीज सहज धावते, फारसं तापत नाही. त्यांच्यापासून चिप बनवली तर संगणकाला आजच्यापेक्षा कितीतरी कमी वीज लागेल, हे जगभरच्या लोकांना ठाऊक होतं. अशा चिप कुठे कुठे बनल्याही होत्या, पण महागड्या यंत्रांवर. अडचण एकच. नळ्या सरळ बसत नाहीत. झोपेतून उठलेल्या पोरीच्या केसांसारख्या एकमेकींत गुंततात. त्रिवेणीला त्या साध्या द्रावणातून, साध्या काचेवर, आपोआप एका दिशेने बसवायच्या होत्या.

तिच्या बोलण्यात नळ्यांना इतकं घरातलं स्थान होतं, की तिच्या आईलाही त्या ओळखीच्या झाल्या होत्या. कुसुमताई बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून तांदूळ निवडायच्या आणि लेक घरात शिरली की विचारायच्या, "बसल्या का गं आज सरळ?" त्रिवेणी पर्स खुंटीला लावत म्हणायची, "कशाच्या बसतायत!" मग चहा पिताना ती सगळं सांगायची. द्रावण कसं चुकलं, पट्टी किती तिरकी धरली. कुसुमताईंना त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण त्या ऐकायच्या आणि मध्येच एखादा प्रश्न विचारायच्या. "जरा हळू उचलून बघ की." एकदा त्रिवेणीने खरोखरच हळू उचलून पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून नळ्या थोड्या ऐकू लागल्या होत्या. कुसुमताई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली होती. लग्नाचं म्हणाल तर दोन-तीन स्थळं आली होती, एक तर अगदी ठरत आलं होतं. पण मुलगा शिकागोला निघाला होता आणि प्रयोगशाळेत त्रिवेणीची नळ्या तयार करायची भट्टी त्याच वर्षी बसायची होती.

स्नेहा गोखले पुण्याहून पीएचडीसाठी आली तेव्हा तिला त्रिवेणीच्या मराठीचं हसू यायचं. "मॅडम, 'करायलीस' काय, 'परेशान' काय! हे मराठी आहे?" "मग काय आहे? निजामाच्या मुलखातलं आहे," त्रिवेणी म्हणायची. दोघींचं जमलं. दुपारचे डबे एकत्र उघडायचे, पट्ट्या एकत्र बुडवायच्या. घरी सांगण्याजोगी माणसं राहिली नाहीत तशी त्रिवेणी ते सगळं स्नेहाशीच बोलू लागली.

चिप पहिल्यांदा चालली तो दिवस दोघींच्याही लक्षात होता. चिपने दोन लहान आकड्यांची बेरीज केली. पहिलीतलं पोर बोटांवर करतं तेवढीच. पण ती बेरीज नळ्यांनी केली होती, साध्या काचेवर बसलेल्या नळ्यांनी. स्नेहा व्हरांड्यात अक्षरशः नाचली. त्याच संध्याकाळी तिने लेखाचा कच्चा मसुदाही सुरू केला.

"आत्ता नक्को," त्रिवेणी म्हणाली होती. "एक पावसाळा काढू दे तिला."

दमट हवेत नळ्या बिघडतात. बहुतेक लोक त्यांना कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत ठेवून मोजतात. त्रिवेणीने चिप उघड्यावर ठेवल्या, खिडकीपाशी. सप्टेंबर संपेपर्यंत त्यातल्या बऱ्याच मेल्या. मग का मेल्या ते शोधण्यात हिवाळा गेला, वर पातळ थर द्यायची नवी रीत बसवण्यात उन्हाळा गेला. त्या नव्या थराच्या चार चिप दुसरा पावसाळा आणि नंतरचाही एक, असे दोन्ही पुरते उघड्यावर काढून अजून बेरीज करत होत्या. आता कुठे लेख लिहायला घेतला होता.

"आपण तेव्हाच पाठवला असता तर पहिल्या आपण असतो," स्नेहा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी म्हणत होते तुम्हाला. किती वेळा म्हटलं!"

"तेव्हा त्या मरत होत्या, स्नेहा."

"त्यांच्या मरत नसतील? मॅडम, त्यांनी लिहिलंसुद्धा नाहीये उघड्यावर काय होतं ते. नायट्रोजनमध्ये मोजलं, पाठवलं, छापून आलं. असंच करतात सगळे. माझी फेलोशिप संपलीये. पुढच्या जागेसाठी अर्ज केलेत, सगळीकडे एकच विचारतायत, लेख कुठाय. आई रोज फोनवर विचारते. काय सांगू मी?"

"आपण बघू ना काहीतरी," त्रिवेणी म्हणाली.

"काय बघणार?" स्नेहाने कागद गोळा केले. दाराशी जाऊन ती वळली. "तुमचं काय जातं, मॅडम? तुम्हाला घरी जाऊन कुणाला उत्तर द्यायचं नसतं."

ती गेली. त्रिवेणीने क्लीन रूममध्ये जाऊन सकाळची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नळ्या फार सुंदर बसल्या होत्या.

संध्याकाळी स्कूटर बरकतपुऱ्याच्या वळणावर आली आणि तिने ती वळवलीच नाही. घरी जावंसं वाटेना. ती तशीच नारायणगुड्याला गेली आणि काही कारण हवं म्हणून चष्म्याच्या दुकानात शिरली. चष्म्याची नाकावरची एक गादी सैल झाली होती. दुकानदार वयस्कर होता. त्याने चष्मा दिव्यापाशी धरला, फुंकर मारली आणि लहानशा पेचकसाने गादी काढू लागला.

"आँखों पे बहोत जोर डालते मॅडम आप," तो म्हणाला. "क्या काम करते?"

"बारीक काम है."

"सिलाई-कढाई?"

नाही म्हणावं, सगळं सांगावं असं क्षणभर तिच्या अगदी ओठांवर आलं. नळ्या, काच, हॉलंड, दोन पावसाळे. काउंटरपाशी ठेवलेल्या स्टुलावर बसून हे सगळं सांगितलं असतं तर त्याने ऐकलंही असतं.

"वैसाच समझो," ती म्हणाली.

"नई, बारीक काम करने वालों की नजर जल्दी जाती," तो म्हणाला आणि त्याने चष्मा स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांवर बसवून पाहिला. "ठीक है अब?"

कितीतरी दिवसांत कुणाचा हात तिच्या चेहऱ्याला लागला नव्हता. "एकदम ठीक," म्हणून ती घाईने बाहेर पडली.

घरी पोचते तोच पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. विक्रम इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलला, भाचीच्या परीक्षेचं सांगितलं. त्रिवेणीने मध्येच म्हटलं, "विकू, आमचं ते काम होतं ना, ते दुसऱ्यांनी आधी छापलं रे."

"कुठलं, ते नळ्यांचं? अरेरे." त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, पण कशाबद्दल वाईट वाटायचं ते त्याला कळत नव्हतं. "पण ताई, एका अर्थी बरंच झालं की. झालं ना एकदाचं ते? कुणी का केलं असेना. आता रिटायरमेंट आलीच आहे तुझी, सगळं आवरून इकडे ये. किती दिवस एकटी राहणार?"

"बघू," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने पोळी गरम केली, पण ती तशीच राहिली. या बातमीचं दुःख म्हणजे नेमकं काय, हे साऱ्या शहरात एकाच माणसाला कळलं असतं. आणि ते माणूस तिच्यावर रागावून तार्नाक्याच्या हॉस्टेलवर बसलं होतं.

पुढचे काही दिवस स्नेहा आली नाही. त्रिवेणीने हॉलंडचा लेख पुन्हा पुन्हा वाचला, त्यात चुका सापडाव्यात म्हणून नव्हे. काम चोख होतं. वाचता वाचता तिला त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल एक विचित्र जवळीक वाटू लागली. ज्या वळणावर ती अडखळली होती तिथेच तेही अडखळले होते, आणि त्याच वाटेने बाहेर पडले होते. फक्त उघड्या हवेचं त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने त्या गटाचे प्रमुख प्राध्यापक व्हिसर यांना सरळ लिहून कळवलं, की बोलायचं आहे. त्यांनी लगेच दुपारची वेळ दिली. पडद्यावर पन्नाशीचा एक उंच गृहस्थ दिसला. तो जरा सावध वाटला. ही बाई भांडायला आली असावी अशी त्याची अपेक्षा असणार.

"तुमचं काम उत्तम आहे," त्रिवेणी इंग्रजीत म्हणाली. "मला फक्त एक विचारायचंय. पेटीबाहेर ठेवल्यावर तुमच्या चिप किती टिकतात?"

व्हिसर हसले. "हाच प्रश्न कुणी विचारू नये अशी मी प्रार्थना करत होतो. काही आठवडे. मग मरतात. का, ते आम्हाला कळत नाही."

"आम्हाला कळलंय," त्रिवेणी म्हणाली. तिने दोन पावसाळ्यांचे आलेख पडद्यावर आणले.

व्हिसर पुढे झुकले. एक आलेख त्यांनी मोठा करून दाखवायला सांगितला. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, त्यातून दुसरा, आणि बघता बघता दोघं द्रावण, थर, तापमान यांत बुडाले. त्रिवेणी इतक्या वर्षांत अनोळखी माणसाशी एवढं कधी बोलली नव्हती. शेवटी ते म्हणाले, "हा थर कुणी बसवला?"

"माझ्या विद्यार्थिनीने. सुचवलं मी होतं, पण हात तिचा आहे. तिच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही. मलाही नाही." तिने आलेख बंद केले. "ती जागा शोधते आहे. तिचा लेख तुमच्यामुळे अडला, असं मी म्हणत नाही. माझ्यामुळे अडला. पण तुम्हाला तिची गरज आहे."

तार्नाक्याच्या हॉस्टेलमध्ये पाहुण्यांना वर जाऊ देत नसत. त्रिवेणी खाली पायऱ्यांवर उभी राहिली. स्नेहा आली ती विस्कटलेल्या केसांनी, डोळे सुजलेले.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात? मी येणारच होते. त्या दिवशी मी जे बोलले..."

"खरं बोललीस तू," त्रिवेणी म्हणाली. "मला घरी कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मला घाई नसते. तुला सांगायचं असतं. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. बस इथं."

तिने व्हिसरांशी झालेलं बोलणं सांगितलं. उघड्या हवेत टिकण्यावरचा लेख वेगळा होईल, तो आजवर कुणीच केलेला नाही, त्यात पहिलं नाव स्नेहाचं, आणि व्हिसर तिच्याशी बोलायला तयार आहेत, जागा आहे.

स्नेहा ऐकता ऐकता रडू लागली. "म्हणजे थांबलो ते बरोबरच होतं ना, मॅडम?"

त्रिवेणीने थोडा विचार केला. "चिपसाठी बरोबर होतं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नव्हतं. दोन्ही खरं आहे." मग म्हणाली, "तोंड धू. काही खाल्लंस का? चल, इडली खाऊ."

लेख उन्हाळ्यात स्वीकारला गेला. हॉलंडची जागाही पक्की झाली. त्याच सुमाराला त्रिवेणीच्या निवृत्तीचे कागद फिरू लागले होते. तिच्या भट्टीची खोली बॅटरीवर काम करणाऱ्या गटाला मिळणार होती. ती अजून तिथे काम करत असतानाच दोन मुलगे टेप घेऊन भिंती मोजून गेले. "सॉरी मॅडम," ते म्हणाले. "मोजा, मोजा," ती म्हणाली आणि त्यांना वाट देण्यासाठी स्टूल बाजूला घेतलं.

निघायच्या आधी स्नेहा न्यायच्या सामानाचं बोलायला आली. व्हिसरांनी तुलनेसाठी एक चिप मागितली होती. त्रिवेणीने चारही डबीत ठेवल्या.

"सगळ्या?" स्नेहा म्हणाली. "एक तरी ठेवा इथे. तुमच्याजवळ."

"कशाला? शोकेसमध्ये?" त्रिवेणीने डबीचं झाकण दाबून बसवलं. "तिथं मोजणारे लोक आहेत. इथं आता कोण मोजणार? मोजल्याशिवाय ती नुसती काच आहे गं."

स्नेहाने वाकून नमस्कार केला. तिच्या घरी तशी पद्धत नव्हती, तिनेच एकदा सांगितलं होतं. त्रिवेणी घाबरून मागे सरली, मग तिने तिला उठवून जवळ घेतलं. विमानतळावर स्नेहाचे आईवडील आलेले असणार म्हणून ती गेली नाही.

निवृत्तीचा समारंभ झाला. शाल, नारळ, दोन भाषणं. संचालकांनी तिला 'नळ्यांच्या माताजी' म्हटलं आणि सगळे हसले. तीही हसली. घरी आल्यावर पहिले काही आठवडे ती सकाळी ठरल्या वेळेला तयार होऊन बसे. मग ती जामबागेतल्या आपल्या जुन्या मराठी शाळेत जाऊन आली. आठवड्यातून एक दिवस विज्ञान शिकवीन म्हणाली. मुख्याध्यापिका बाईंनी फार आनंदाने होकार दिला. वर्गातल्या निम्म्या मुलांना मराठी वाचता येत नव्हतं, तेव्हा ती विज्ञानासोबत अक्षरंही शिकवू लागली. दिवस जाऊ लागले. विक्रमला ती अजून 'बघू'च म्हणत होती.

मार्चमधल्या एका दुपारी स्नेहाचा व्हिडिओ कॉल आला. "मॅडम! बसल्या आहात ना? तुम्हाला दाखवायचंय. आत्ता, लगेच!"

पडद्यावर मोठी उजेडाची खोली, मागे खिडकीबाहेर करडं आभाळ. स्नेहाने केस कापले होते. तिने फोन फिरवला. टेबलावर चिप होती, पण हैदराबादहून नेलेली नव्हे. तिथल्या काचेवर, तिथल्या द्रावणातून, स्नेहाने तिथे नवी बनवलेली, कितीतरी मोठी. "ही फक्त बेरीज नाही करत, मॅडम. ही छोटा प्रोग्रॅम चालवते. दोन महिने खिडकीत उघडी होती. इथे तर बाराही महिने पाऊस! बघा हं." तिने कळ दाबली. पडद्यावर आकड्यांची ओळ उमटली, मग दुसरी, मग तिसरी. एकही चुकला नाही.

मागून टाळ्या वाजल्या. व्हिसर कॅमेऱ्यात डोकावले. "डॉक्टर कंधारकर! तुमची चिप!"

"तुमची," त्रिवेणी म्हणाली. मागच्या गलक्यात ते नीट ऐकू गेलं नसावं.

"मॅडम, एक मिनिट हं, केक आणलाय ह्यांनी, एकच मिनिट," स्नेहा म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवून गेली.

फोन आडवा पडला होता. पडद्यावर आता फक्त छत दिसत होतं, पांढरं, मधोमध लांब दिवा. खालून आवाज येत होते. ताटल्या, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी डचमध्ये काही म्हटलं आणि सगळे हसले. स्नेहाही हसली, आणि तिने त्याच भाषेत तुटकं काहीतरी उत्तर दिलं, त्यावर आणखी मोठा हशा झाला.

त्रिवेणी वाट पाहत राहिली. एक मिनिट होऊन गेलं, नंतर बरंच काही होऊन गेलं. ती तिथे आहे हे सगळे विसरले होते. खाली रस्त्यावर भाजीवाला गाडी घेऊन ओरडत आला, तेव्हा त्या आरोळीत पलीकडचं बोलणं बुडायला लागलं.

ती उठली. तिने खिडकी लावून घेतली, परत येऊन फोन जवळ ओढला आणि त्याचा आवाज थोडा वाढवला.